फाटक्या पुस्तकांचे मामा

पुस्तकांवर प्रेम करणारी माणसं रत्नागिरीत पुष्कळ आहेत, पुस्तकांना कव्हरं घालून ती कपाटात ठेवणारी तर त्याहूनही जास्त आहेत. पण लहान मुलाच्या हातून पुस्तक फाटलेलं पाहिलं की ज्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं असा माणूस उभ्या जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. हे मी अभिमानाने सांगतो आहे की तक्रार म्हणून, ते मला लग्नाला दहा वर्षं होऊन गेली तरी ठरवता आलेलं नाही. मामांना ते विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की ठरवायची काही घाई नाही, दोन्ही गाड्या एकाच रस्त्याने जातात.

मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बसस्थानकात जाळीच्या खिडकीमागे बसून, समोर मोठं रजिस्टर ठेवून, कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली हे ध्वनिक्षेपकावरून सांगणारा जो आवाज असतो, तो आवाज म्हणजे आमचे मामा. मामा निवृत्त झाले, पण आवाजाला कुणी ते कळवलं नाही. घरातसुद्धा ते साध्या बोलण्याला सुरुवात करण्याआधी क्षणभर थांबतात, घसा साफ करतात आणि मग समोर हजारभर माणसं सामान घेऊन उभी आहेत अशा सुरात बोलतात. सकाळी सात वाजता स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून ते म्हणतात, ‘चहा अद्याप आलेला नाही.’ मामी संगमेश्वरकडच्या. त्या आतून शांतपणे सांगतात, ‘निघालाय, येईल हो.’ हे संभाषण रोज होतं आणि दोघांनाही त्यात विनोदी असं काही वाटत नाही.

या माणसाने निवृत्तीनंतर शेतीवाडी बघावी, कलमांना पाणी घालावं, निदान सकाळी भाट्याच्या पुलापर्यंत फिरायला जावं, असं नातेवाइकांना वाटत होतं. मामांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी खाकी कापडाची एक पिशवी शिवून घेतली, तिच्यात चित्रांची पंधरा-वीस पुस्तकं, कात्री आणि चिकटपट्टीचं एक रीळ भरलं, आणि सहा वर्षांखालचं मूल जिथे कुठे दिसेल तिथे जाऊन त्याला वाचून दाखवायला सुरुवात केली. मूल ओळखीचं असावं अशी त्यांची अट नव्हती. मुलाला वाचता येत असावं, बोलता येत असावं किंवा मान धरता येत असावी, अशीही नव्हती.

आमच्या जुईच्या बारशाला पाहुण्यांनी चांदीची वाटी, पैंजण, दुपटी असं रीतसर आणलं होतं. मामांनी जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक आणलं. त्यात एक बेडूक आपली छत्री शोधत हिंडत होता. मुलगी तेव्हा बारा दिवसांची होती. मामांनी पाळण्यावर वाकून तिला सगळं पुस्तक वाचून दाखवलं, ती मध्येच झोपली तरी शेवटपर्यंत वाचलं, आणि ‘ऐकलंन सगळं’ असं जमलेल्यांना सांगून ते जेवायला बसले. पुढे सहा-सात महिन्यांनी जुई हाताला येईल ते तोंडात घालायला लागली, तेव्हा माझ्या बायकोने, म्हणजे स्मिताने, ते पुस्तक खराब होईल म्हणून शोकेसमध्ये चहाच्या चांगल्या कपांशेजारी उभं करून ठेवलं. नंतरच्या भेटीत मामांची नजर तिकडे गेली. पुढे केलेला चहा त्यांनी घेतला नाही. पुस्तक तिथे काय करतंय, असं त्यांनी विचारलं. स्मिताने सांगितलं की पोरगी ते चावते. मामांनी शोकेस उघडून पुस्तक काढलं, चारही कोपरे तपासले, एका कोपऱ्यावर दातांच्या खुणा सापडल्यावर जरा निवळले आणि म्हणाले, ‘एक कोपरा झालाय. बाकीचे तीन ती कधी खाणार, तू कपाटात ठेवलंस तर?’ मग पुस्तक खाली सतरंजीवर गेलं आणि मामांनी चहा घेतला.

मामांच्या मते पुस्तकाशी ओळख तोंडाने होते, मग हाताने, मग कानाने, आणि डोळ्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो. फाटलेलं पान ते फार मायेने चिकटवतात. चिकटवलं की ते परत फाडता येतं, एवढाच त्यामागचा विचार. कोणाच्या घरी गेले आणि त्यांनी वर्षभरापूर्वी दिलेलं पुस्तक नव्यासारखं कोरं दिसलं, तर मात्र ते मुलाची विचारपूस करावी तशा काळजीच्या सुरात घरच्यांना विचारतात, ‘काही झालं का हो?’

वाचून दाखवण्याची त्यांची पद्धत मी आजवर दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. इतर माणसं मुलांना गोष्ट सांगताना वाघाचा आवाज काढतात, डोळे मोठे करतात, टाळ्या वाजवतात. मामा एकाच सुरात वाचतात, आणि तो सूर बसस्थानकाचा असतो. ‘हत्ती तळ्यापाशी आलेला आहे. ससा अद्याप आलेला नाही. सशाची वाट पाहणाऱ्यांनी कृपया वडाच्या झाडाखाली थांबावे.’ पुस्तकात एवढं सगळं लिहिलेलं नसतं. कृपया वगैरे मामा पदरचं घालतात. पण मुलं श्वास रोखून ऐकतात. मला वाटतं, एवढा मोठा माणूस सशाच्या उशिरा येण्याची एवढ्या गांभीर्याने दखल घेतो, याचा त्यांच्यावर परिणाम होत असावा. एकदा मी पाहिलं, शेजारच्या इमारतीतली तीन वर्षांची मुलगी खरोखरच उठून आमच्या कुंडीतल्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. ससा आल्याचं जाहीर होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

सरकारी दवाखान्यात बाळांना डोस द्यायचा दिवस मामांच्या विशेष आवडीचा होता. तिथे आया मांडीवर मुलं घेऊन तास-तास बसतात, कुणाला उठून जाता येत नाही, आणि असा श्रोता मिळणं सोपं नसतं. मामा पिशवी घेऊन बाकावर बसायचे. एका दिवशी त्यांनी बदकांचं आकड्यांचं पुस्तक काढलं. ‘पहिले बदक पाण्यात गेलेले आहे. दुसरे बदक निघालेले आहे. क्रमांक चारच्या बदकाने आत यावे.’ हे म्हटल्याबरोबर चार नंबरची चिठ्ठी धरून बसलेली एक बाई बाळाला घेऊन उठली आणि सरळ आत गेली. तिच्यामागोमाग पाच नंबरही गेली. आतून सिस्टर बाहेर आल्या आणि आपण अजून दोन नंबरवरच असताना चार आणि पाच कुणी पाठवले याची त्यांनी चौकशी केली. सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी चष्मा काढला आणि बदकांचं पुस्तक त्यांच्यासमोर धरलं. सिस्टरांनी ते उभ्याउभ्या शेवटच्या पानापर्यंत पाहिलं, आणि पुढच्या वेळी बदकं दारापासून लांबच्या बाकावर घेऊन बसा एवढं सांगितलं.

पिशवीतल्या कात्रीचा उपयोग काय, हे मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. मुलांच्या गोष्टींच्या शेवटी चौकटीत तात्पर्य छापलेलं असतं. मामा नवीन पुस्तक आणलं की आधी ते तात्पर्य कापून टाकतात. ‘गाडीतून उतरल्यावर माणसाला परत आत बोलवून, प्रवास कसा करावा हे सांगतो का आपण?’ असं त्यांचं म्हणणं. त्याच कारणाने मुलाला वाचून दाखवताना मध्येच प्रश्न विचारणाऱ्या मोठ्या माणसांचा त्यांना राग येतो. मी पाटबंधारे खात्यात अभियंता आहे, मोजायची सवय माझ्या हाडात आहे. एकदा मी जुईला चित्रातले बगळे किती ते सहज विचारलं. मामांनी पुस्तक मिटलं. जावयाला तोडून बोलणं त्यांच्या पिढीत बसत नाही, म्हणून त्यांनी अगदी आदराने विचारलं, ‘जावईबुवा, तुम्ही जेवायला बसलात की ताटातली शितं मोजायला सांगतं का कुणी?’ बगळे सात होते. हे मी त्यांना सांगितलं नाही.

मामांचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे एकच पुस्तक परत परत वाचायचा त्यांना कंटाळा येत नाही. बेडकाची छत्री त्यांनी जुईला किती वेळा शोधून दिली याची गणती नाही. संध्याकाळी साडेसहाला ते येत, गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसत, जुई मांडीवर चढे आणि बेडूक निघे. मी आणि स्मिता आतल्या खोलीत कानांवर हात ठेवून बसायच्या बेताला आलेलो असायचो. आज दुसरं काहीतरी वाचा, असं मी एकदा सुचवून पाहिलं. मामा म्हणाले की देवरूखची गाडी ते रोज सोडत होते, आज तीच गाडी कशाला असं कुणा प्रवाशाने विचारलेलं त्यांना आठवत नाही.

हे सगळं जुई पाचेक वर्षांची होईपर्यंत सुरळीत चाललं होतं. मग ती बालवाडीच्या मोठ्या गटात गेली आणि एका दुपारी तिच्या बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. बाई चांगल्या होत्या, जीव लावणाऱ्या होत्या. त्यांनी सांगितलं की वर्गातली बरीच मुलं दोन अक्षरी शब्द वाचायला लागली, जुईला मात्र अजून अर्धी अक्षरं ओळखता येत नाहीत. पुस्तक दिलं तर ते ती झरझर ‘वाचते’, पण पुस्तकात जे असतं ते वाचत नाही. आणि दुसरं म्हणजे तिचं बोलणं. आदल्याच दिवशी तिला वर्गासमोर एखादी गोष्ट सांगायला सांगितलं, तर ती हात मागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर्व मुलांनी कृपया लक्ष द्यावे. बाईंचा डबा टेबलावर विसरलेला आहे.’ डबा खरोखरच विसरला होता, हे बाईंनी मान्य केलं. तरीही घरी काय चालतं ते त्यांना समजून घ्यायचं होतं.

स्मिता एका सरकारी कचेरीत काम करते आणि कुठलीही गोष्ट मागे पडली की तिला रात्रीची झोप लागत नाही. त्याच आठवड्यात भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता आला, पाटी आली, स्वयंपाकघरातलं वेळ लावायचं घड्याळ टेबलावर आलं. रोज संध्याकाळी साडेसहा ते सात अभ्यास. ती वेळ मामांची होती. पहिल्या दिवशी मामा आले तेव्हा जुई तक्त्यासमोर बसून ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात चाचपडत होती. मामा दारात उभे राहिले. जुईने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती रडायला लागली. स्मिता त्यांना बाजूला घेऊन म्हणाली, ‘मामा, रागावू नका, पण थोडे दिवस संध्याकाळचे येऊ नका तुम्ही. तिचं मागे पडलंय सगळं. नुसत्या गोष्टी ऐकून नाही येत वाचायला.’ मी तिथेच होतो. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी गॅलरीतले कपडे काढायला गेलो.

मामा ‘बरं’ म्हणाले. त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरून गेले. पुढचा महिनाभर ते आमच्याकडे आले नाहीत. मामी मधे एकदा फणसाची भाजी घेऊन आल्या. मामा कसे आहेत विचारलं तर म्हणाल्या, ‘आहेत. चहा आला नाही तरी सांगत नाहीत.’ एवढं बोलून त्या डबा रिकामा करून घेऊन गेल्या.

मला इथे स्मितावर अन्याय करायचा नाही. तक्त्याचा उपयोग झाला. महिन्याभरात जुईला सगळी अक्षरं आली, काना-मात्राही यायला लागल्या, बाईंनी वहीत शेरा चांगला दिला. फक्त रोज सहा वाजले की तिच्या पोटात दुखायला लागायचं. सुरुवातीला आम्ही ओवा दिला. मग डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि रविवारी दुखतं का, एवढंच विचारलं. रविवारी दुखत नव्हतं. याच दिवसांत तिच्या पुस्तकांची टोपली कोपऱ्यातून दिसेनाशी झाली. ती तिने स्वतः ढकलत नेऊन पलंगाखाली, भिंतीला अगदी टेकवून ठेवली होती. मला ती सापडली ती हरवलेली चप्पल शोधताना.

मी टोपली ओढून बाहेर काढली आणि जरा अपराधी मनाने म्हटलं, चल, आज मी तुला बेडूक वाचून दाखवतो. जुईने माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘बाबा, यातल्या किती ओळी वाचायच्या?’

स्मिता दारात उभी होती, तिने ते ऐकलं. तिने टेबलावरचं घड्याळ उचललं, स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, पायात चपला घातल्या आणि मला म्हणाली, मामांकडे जाऊन येऊ.

मामा पडवीत बसून पुस्तकांची पानं चिकटवत होते. आम्हाला बघून त्यांनी खुर्च्या पुढे केल्या. स्मिताने घडलेलं सगळं, ओळींचंसुद्धा, सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही दिसला नाही. उलट ते बराच वेळ चिकटपट्टीचं टोक शोधत बसले आणि मग बोलले, आणि आश्चर्य म्हणजे, अगदी साध्या आवाजात बोलले.

‘माझ्या खिडकीशी रोज माणसं यायची बाय. वर हातभर अक्षरात लिहिलेलं असायचं, दापोली. त्याच पाटीखाली उभी राहून विचारायची, ही गाडी कुठची. मला आधी वाटायचं, शिकलेली नसतील. त्यातली काही नव्हतीच शिकलेली. पण पुष्कळ जण शाळेत गेलेले, चौथी-पाचवी पास. अक्षरं यायची हो त्यांना. पण वर बघायचं धाडस नव्हतं. चुकलं तर कोण हसेल, कोण ओरडेल. एक जण मला म्हणाला, साहेब, चष्मा घरी राहिला. चष्मा त्याच्या खिशात दिसत होता मला.’

मामा पुढे म्हणाले, ‘तू शिकवतेस ते बरोबर आहे. अक्षरं यायला हवीत. मला नाही शिकवता येत ती, माझं ते काम नव्हे. पण तिला पाटीकडे बघायची भीती वाटता नये. तेवढंच मी बघत होतो.’

तह झाला. तक्ता सकाळी, दहा मिनिटं, घड्याळाशिवाय. संध्याकाळ मामांची. स्मिताने एकच अट घातली, की मामांनी गोष्टी साध्या आवाजात वाचाव्यात, शाळेत पंचाईत होते. मामांनी ती मान्य केली, आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला खुर्चीत बसून, साध्या आवाजात, बेडूक वाचला. तो अनुभव फार वाईट होता. मामांना वाक्य कुठे संपवायचं ते कळेना, बेडूक कधी आला आणि कधी गेला ते आम्हाला कळेना. जुईने तीन पानं ऐकली आणि त्यांच्या कपाळाला हात लावून विचारलं, ‘मामाआजोबा, बरं नाहीये का तुम्हाला?’ असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी स्मिता स्वतःच आतून बाहेर आली आणि मामांना म्हणाली की तुम्ही आपले नेहमीसारखे वाचा, बाईंना मी सांगते काय ते. मामांनी घसा साफ केला. ‘बेडूक नदीकाठी आलेला आहे,’ असं जाहीर झालं आणि समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांतून दोन-तीन मुलांची डोकी वर आली.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी, आम्ही सगळे आरे-वारेच्या समुद्रावर गेलो होतो. मामा, मामी, आम्ही तिघं. वारा भणाणलेला होता आणि पाणी चांगलंच वर आलेलं होतं. किनाऱ्यावर घाटावरून आलेलं एक मोठं कुटुंब होतं, त्यातले दोघे-तिघे गुडघाभर पाण्यातून आणखी आत जायच्या तयारीत होते. मामांनाही पाय भिजवायचे होते, त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घेतली. सुरूच्या झाडांपाशी एक फलक होता, त्याचा रंग खाऱ्या वाऱ्याने गेलेला. आम्ही त्याच्यावरून कितीदा तरी गेलो असू, मी तो कधी वाचलेला नव्हता. जुई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिची मान वर होती आणि ओठ हलत होते. आम्ही कुणी काही म्हटलं नाही. मी तर दुसरीकडेच बघत राहिलो, कारण मला आता अक्कल आलेली होती. बराच वेळ गेला. मग तिने हात मागे बांधले, समुद्राकडे तोंड केलं आणि तिच्या सगळ्या ताकदीनिशी सांगितलं, ‘सर्वांनी कृपया लक्ष द्यावे. येथे... समुद्र... धो-का-दायक आहे. पाण्यात उतरू नये.’

घाटावरची मंडळी दचकली. त्यांनी आधी जुईकडे पाहिलं, मग फलकाकडे पाहिलं, आणि त्यांच्यातली एक वयस्क बाई पाण्यातल्या लोकांना हाका मारायला लागली. ते बाहेर आले. स्मिताने माझा दंड घट्ट धरला होता. आता मामा तिला उचलून घेतील, शाबासकी देतील असं मला वाटलं. मामांनी तसं काही केलं नाही. ते खाली बसले, दुमडलेली पँट एकेक घडी मोडून सरळ केली आणि जुईला म्हणाले, ‘बरं झालं सांगितलंस. मी उतरणारच होतो.’ जुईने मान हलवली आणि ती मामींबरोबर शिंपले वेचायला गेली. परत येताना गाडीत तिने रस्त्यातली प्रत्येक पाटी आम्हाला वाचून दाखवली, त्यात एका गोठ्यावरची शेणखत मिळेल ही पाटीही होती, आणि मामा दर पाटीनंतर, आपल्याला माहीत नसलेली बातमी कळावी तसे, ‘असं होय,’ म्हणत होते.

जुई आता आठ वर्षांची आहे. तिची पुस्तकं जाड झाली, त्यांच्यातली चित्रं कमी झाली. जेवताना पुस्तक, आंघोळीला पाणी काढलंय तरी पुस्तक. स्मिता ओरडते आणि ओरडताना तिला मनातून बरं वाटत असतं हे मला कळतं. मामा अजून येतात. दोन जिने चढायला त्यांना आता वेळ लागतो, म्हणून ते घरून सहालाच निघतात.

परवाही ते आले. जुई गॅलरीत सतरंजीवर पालथी पडून वाचत होती. मामा खुर्चीत टेकले, दम खाल्ला, पिशवीतून एक नवीन चित्रांचं पुस्तक काढलं. तिच्या वयाला ते लहान होतं, पण मामांना आवडलं असावं. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, ‘कासव बाजाराकडे निघालेले आहे...’

जुईने पानावरून नजर न काढता, अगदी प्रेमाने सांगितलं, ‘मामाआजोबा, मनात वाचा ना. मी फार महत्त्वाच्या जागी आलेय.’

मामा थांबले. स्मिता चहा घेऊन येत होती, ती दारातच उभी राहिली. मामांनी जुईकडे पाहिलं. तिचे डोळे ओळींवरून पुढे पुढे सरकत होते, आपण काही बोललो हेही ती विसरून गेली होती. मग त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ घेतलं, ओळीखाली बोट धरलं आणि मनात वाचायला लागले.

त्यांना ते येत नव्हतं. ओठ हलत होते, मध्येच एखादं अक्षर तोंडातून निसटायचं, की ते लगेच गप्प होऊन जुईकडे बघायचे. त्यांनी आयुष्यभर जे काही वाचलं ते दुसऱ्याला ऐकू जावं म्हणून वाचलं होतं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. स्मिताने आवाज न करता कप त्यांच्या बाजूला ठेवला. पान संपलं तेव्हा मामा थांबून राहिले. इतकी वर्षं मांडीवर बसून पान उलटायचं काम जुई करत आली होती. त्यांनी क्षणभर वाट पाहिली, मग हलक्या हाताने, स्वतःच, पान उलटलं.